अग्निविमा कंपनीला जळालेल्या गोदामाचा ताबा घेण्याचा अधिकार कोठून आला?

आपला प्रश्न मी आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे हे उत्तर नेमके कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपल्या मामांच्या गोदामाला आग लागली, सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीचा अंदाज घेणारे, पाहणी करून गेले आणि त्यानंतर गोदामाच्या शटरला मामांच्या कुलुपाशेजारी कंपनीचे कुलूप लागले. पॉलिसी काढून वाचली तेव्हा तिच्यात असे आढळले की नुकसान झाल्यावर कंपनी जागेत शिरू शकते, जागेचा आणि मालाचा ताबा घेऊ शकते, माल निवडून वेगळा करू शकते, विकूही शकते, आणि तिने ठरवले तर पैसे देण्याऐवजी जळालेली वस्तू पूर्ववत करून देऊ शकते. आपण विचारता की एका व्यापारी कंपनीला इतके अधिकार कोणत्या कायद्याने दिले. शिवाय लंडनला गेला असताना एका जुन्या दारावर आपण सूर्याचे चित्र असलेला शिशाचा पत्रा पाहिला आणि तो नसलेले घर विमा कंपनीचे बंबवाले खुशाल जळू देत, असे आपल्याला सांगण्यात आले. त्या काळच्या कंपन्यांना सरकारसारखे अधिकार होते आणि आजची कलमे त्यांचेच अवशेष आहेत, असा आपला तर्क आहे.

हा तर्क मला पटत नाही, पण तो बहुतेकांच्या मनात येतो. मी सुमारे तीस वर्षे आगीच्या दाव्यांत वकिली करतो आहे. कधी विमेदारांच्या बाजूने, कधी कंपन्यांच्या. कंपनी एखादा अधिकार सांगू लागली की मी पहिला प्रश्न हा विचारतो की तो कोणत्या कागदावर आहे: सनदेवर, विधिमंडळाच्या कायद्यात, की पॉलिसीत? जुन्या कंपन्यांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारला की चित्र बदलते. सनदेने त्यांना अस्तित्व दिले, कायद्याने थोडे अधिकार आणि बऱ्याच जबाबदाऱ्या दिल्या, आणि त्यांचे खरे बळ मात्र पॉलिसीच्या पाठीमागे छापलेल्या शर्तींत होते.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. मामांच्या शटरवरचे कुलूप योग्य की अयोग्य, हे पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आपण उतरवून दिलेली कलमे नेहमीच्या ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ पॉलिसीची दिसतात. परंतु १ एप्रिल २०२१ पासून लहान आणि मध्यम जोखमींसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या पॉलिसी आल्या आहेत आणि त्यांची शब्दरचना वेगळी आहे. कुलूप लावताना मामांनी कोणत्या कागदावर सही केली यावरही बरेच अवलंबून आहे.

आता मूळ इतिहासाकडे येतो. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन चार-पाच दिवस जळत राहिले आणि सुमारे तेरा हजार घरे भस्मसात झाली. पहिल्याच रात्री पुढची घरे पाडून आगीची वाट तोडायला हवी होती, पण महापौर ब्लडवर्थ यांना प्रश्न पडला की पाडलेल्या घरांची भरपाई कोण करणार. अग्निविम्याचा सगळा धंदा त्या प्रश्नाच्या उत्तरातून उभा राहिला असे म्हटले तरी चालेल. १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन आणि त्याच्या भागीदारांनी ‘फायर ऑफिस’ काढले. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के, असा त्यांचा दर होता. लंडनच्या महापालिकेनेही स्वतःची योजना काढून पाहिली, पण ती लवकरच बंद पडली. पुढे १६९६ मध्ये ‘हँड-इन-हँड’ ही परस्पर संस्था आणि १७१० मध्ये ‘सन फायर ऑफिस’ निघाले.

यांपैकी कोणाकडेही राजाची सनद नव्हती. कायद्याच्या नजरेत त्या केवळ मोठ्या भागीदाऱ्या होत्या, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. भागीदारीला स्वतंत्र व्यक्तित्व नसते, त्यामुळे तिला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही. १७२० मध्ये सनदेशिवाय भागभांडवली कंपन्या काढण्याला आळा घालणारा ‘बबल ॲक्ट’ झाला आणि त्याच कायद्याखाली ‘रॉयल एक्सचेंज अश्युरन्स’ आणि ‘लंडन अश्युरन्स’ या दोन कंपन्यांना सनदा मिळाल्या. त्यासाठी प्रत्येकीने राजाच्या खर्चाचे कर्ज फेडण्याकरिता तीन लाख पौंड देण्याचे कबूल केले होते. सनदा प्रथम सागरी विम्यापुरत्या होत्या. आगीच्या आणि आयुर्विम्याच्या सनदा १७२१ मध्ये मिळाल्या. सागरी विम्यात या दोघींखेरीज दुसऱ्या कोणत्याही कंपनीला धंदा करता येत नसे आणि ही मक्तेदारी १८२४ पर्यंत टिकली. आगीच्या विम्यात मात्र अशी मक्तेदारी कोणालाच नव्हती.

सनदेने काय मिळाले, हे नीट पाहा. अखंड अस्तित्व, स्वतःची मोहोर, स्वतःच्या नावाने दावा लावण्याची आणि दाव्याला उत्तर देण्याची क्षमता. विमेदारावर किंवा त्याच्या शेजाऱ्यावर हुकूम चालवण्याचा एकही अधिकार त्यात नव्हता. सनद नसलेल्या कंपन्यांना मोठी अडचण न्यायालयात येई, म्हणून त्या पुढे पार्लमेंटकडून खास कायदा करून घेऊ लागल्या आणि सचिवाच्या किंवा खजिनदाराच्या नावाने दावा चालवण्याची मुभा मिळवू लागल्या. तरीही सनद नसलेली ‘सन’ अठराव्या शतकात अग्निविम्यातील सर्वांत मोठी कंपनी झाली. सनद हेच बळ असते, तर असे घडले नसते.

दुसरा कागद कायद्याचा. १७०७ च्या अधिवेशनात राणी ॲनच्या काळात आगीसंबंधी एक कायदा झाला. विमा कंपन्या टेम्स नदीवरच्या नावाड्यांना आपले बंबवाले म्हणून नेमत, आणि आरमार तर नावाड्यांना सक्तीने पकडून जहाजांवर नेई. या कायद्याने प्रत्येक विमा कार्यालयाच्या जास्तीत जास्त तीस नावाड्यांना त्या सक्तीतून सूट दिली. कंपन्यांना थेट कायद्याने मिळालेली ही अगदी आरंभीची सवलत आहे, आणि तिचे स्वरूप अधिकाराचे नसून संरक्षणाचे आहे. त्याच कायद्याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील स्थानिक वस्तीला, बंब ठेवणे भाग पाडले आणि आगीपाशी पहिला, दुसरा आणि तिसरा पोहोचणाऱ्या बंबाला अनुक्रमे ३०, २० आणि १० शिलिंगांचे बक्षीस ठेवले. ते बक्षीस आगीपाशी पोहोचण्याचे होते, दारावरचा पत्रा पाहण्याचे नव्हते.

म्हणूनच ‘पत्रा नाही तर घर जळू द्या’ ही गोष्ट ज्या स्वरूपात सांगितली जाते त्या स्वरूपात मी स्वीकारत नाही. आग विझवण्याचे कर्तव्य कोणत्याही कायद्याने विमा कंपनीवर टाकलेले नव्हते, एवढे खरे. पण एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या गल्लीत बिनविम्याचे घर जळू देणे म्हणजे शेजारचे विम्याचे घर जाळून घेणेच होते. आपण पाहिलेल्या पत्र्यावर सूर्याच्या चेहऱ्याखाली कदाचित काही आकडे दिसले असतील. तो पॉलिसीचा क्रमांक. जुन्या पत्र्यांवर तो ठोकलेला असे, आणि पत्रा भिंतीवर बसल्याशिवाय घर विमा उतरलेले समजले जाणार नाही, अशी शर्तही असे. म्हणजे तो पत्रा आधी कराराचा पुरावा होता, बाकीचे त्यानंतर.

दार फोडण्याचा, घर पाडण्याचा अधिकार तरी होता का? आगीचा फैलाव थांबवण्यासाठी घर पाडणे हे इंग्लंडच्या रूढ कायद्यात निकडीच्या तत्त्वावर कोणालाही माफ होते; कंपनीच्या माणसाला त्यात वेगळे स्थान नव्हते. १८३३ मध्ये दहा कंपन्यांनी आपापले बंब एकत्र करून ‘लंडन फायर इंजिन एस्टॅब्लिशमेंट’ उभारले आणि जेम्स ब्रेडवूड यांना प्रमुख नेमले, तेव्हाही ते दल खासगीच होते. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरच्या वखारींना लागलेल्या आगीत भिंत कोसळून ब्रेडवूड मृत्युमुखी पडले आणि नुकसान इतके झाले की हे ओझे आता आमच्याने पेलवणार नाही, असे कंपन्यांनी सरकारला कळवले. त्यातून १८६५ चा ‘मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड ॲक्ट’ झाला. जागेत घुसण्याचा, गरज पडल्यास ती पाडण्याचा अधिकार त्याने स्पष्ट शब्दांत दिला, पण तो सार्वजनिक दलाच्या अधिकाऱ्यांना. कंपन्यांवर मात्र त्याने वर्गणी बसवली, विमा उतरवलेल्या दर दहा लाख पौंडांमागे ३५ पौंड, आणि दलाने काम करताना केलेले नुकसान हे पॉलिसीच्या अर्थाने आगीचेच नुकसान समजावे असेही ठरवले.

कायद्याने कंपन्यांना खराखुरा अधिकार दिला तो १७७४ मध्ये, ‘फायर्स प्रिव्हेन्शन (मेट्रोपोलिस) ॲक्ट’ने, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. विम्याच्या पैशांच्या लोभाने लोक स्वतःचे घर पेटवतात आणि त्यात शेजाऱ्यांचे संसार जातात, ही त्या कायद्याच्या ८३ व्या कलमामागची चिंता होती. त्यावर उपाय असा की घरात हितसंबंध असलेल्या कोणीही मागणी केली, किंवा मालकानेच लबाडी केल्याचा संशय आला, तर विमा कार्यालयाने पैसे मालकाच्या हातात न देता, ते पुरतील तितके, घर पुन्हा बांधण्यावर खर्च करावेत. दावा ठरल्यापासून साठ दिवसांत मालकाने पैसे घरावरच लावण्याची पुरेशी हमी दिली तर गोष्ट वेगळी. या कलमात कंपनीला ‘अधिकार’ दिला आहे आणि त्याच वाक्यात ते तिच्यावर ‘बंधनकारक’ही केले आहे. गहाणदार (घर गहाण ठेवून घेणारा सावकार) किंवा भाडेकरू यांनी मागणी केली, तर कंपनीला मान फिरवता येत नाही. नावाने तो लंडनचा कायदा असला, तरी १८६४ मध्ये न्यायालयाने हे कलम साऱ्या इंग्लंडला लागू धरले. १८८८ मध्ये स्कॉटलंडला मात्र ते लागू नाही, असा निकाल झाला.

आपल्याकडे या विचाराचे नातलग मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये सापडतात. कलम ४९ प्रमाणे विमा असलेली स्थावर मालमत्ता मोबदला देऊन घेणाऱ्याला, वेगळा करार नसल्यास, विक्रेत्याला मिळालेले विम्याचे पैसे ती मालमत्ता पूर्ववत करण्यासाठी वापरण्याची मागणी करता येते. ताबा असलेल्या गहाणदारावरही कलम ७६ ने तसेच बंधन आहे. मामांच्या गोदामावर बँकेचे कर्ज असेल, तर हा भाग वकिलाला आवर्जून दाखवा.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर सनदेतून नाव आले, कायद्यातून एक संरक्षण आणि एक कर्तव्ययुक्त अधिकार आला. ताबा घेणे, माल विकणे, पुरावे मागणे यांपैकी काहीही या दोन कागदांवर नाही. ते सारे तिसऱ्या कागदावर, म्हणजे पॉलिसीवर आहे, आणि त्याची ताकद किती असते हे पाहायचे तर १७९६ चा वर्स्ली विरुद्ध वुड हा खटला पाहावा.

त्या काळच्या पॉलिसीत एक शर्त असे. आग लागल्यावर विमेदाराने आपल्या पॅरिशचा धर्मगुरू, चर्चचे वॉर्डन आणि काही प्रतिष्ठित घरमालक यांच्या सहीचे प्रमाणपत्र आणायचे की आम्ही या माणसाला ओळखतो आणि त्याचे नुकसान प्रामाणिकपणे झाले आहे. या खटल्यात काही घरमालकांनी सही दिली, पण धर्मगुरू आणि वॉर्डन यांनी नकार दिला. विमेदाराची बाजू अशी होती की त्यांनी विनाकारण नकार दिला, त्यात माझा काय दोष? न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. प्रमाणपत्र ही पूर्वअट आहे. तिऱ्हाइताने ती पूर्ण होऊ दिली नाही, तरी ती पूर्ण झालेली नाही आणि म्हणून पैसे मागता येत नाहीत. मला हा निकाल आजही कठोर वाटतो. कोणत्याही राजाने धर्मगुरूला विम्याचा न्यायाधीश नेमले नव्हते. त्याला तेथे बसवले ते एका छापील वाक्याने.

पण करारालाही सीमा होत्या आणि त्या न्यायालयांनी आखल्या. १७४६ च्या किल विरुद्ध हॉलिस्टर खटल्यात पॉलिसीत लवादाचे कलम असूनही विमेदाराला न्यायालयात येण्यापासून अडवता येत नाही, असे ठरले. भरपाई दिल्यावर नुकसान करणाऱ्याकडून ती वसूल करण्याच्या हक्काचेही तसेच झाले. १७८० मध्ये लंडनमध्ये गॉर्डन दंगली झाल्या. दंगलखोरांनी घर पाडले तर त्या भागातील रहिवाशांनी, म्हणजे ‘हंड्रेड’ने, भरपाई द्यावी असा कायदा होता. विमेदाराला पैसे दिल्यावर ते हंड्रेडकडून वसूल करायला निघालेल्या कंपन्यांना सांगण्यात आले की दावा विमेदाराच्या नावाने लावा. स्वतःच्या नावाने लावलेला दावा टिकला नाही. आज दाव्याचे पैसे देताना कंपनी मामांकडून जे प्रत्यासनाचे पत्र, म्हणजे सब्रोगेशन लेटर, लिहून घेईल, त्याचे मूळ येथे आहे. कंपनीला तिऱ्हाइताविरुद्ध स्वतःचा म्हणून हक्क नसतो. ती विमेदाराच्या जागी उभी राहते.

आता मामांच्या कुलुपाकडे येऊ. ताब्याचे कलम पॉलिसीत का आले, यामागे साधे व्यापारी कारण आहे. आग विझल्यावरही माल बिघडत राहतो, चोरीला जातो, आणि कधीकधी रातोरात आणलेला दुसऱ्याचा जळका माल ढिगात मिसळलाही जातो. वाचलेला माल, म्हणजे साल्वेज, जितका लवकर वेगळा होईल तितके कंपनीचे देणे कमी. लंडनच्या कंपन्यांनी बंब सार्वजनिक दलाकडे सोपवल्यावरही याच कामासाठी १८६६ मध्ये स्वतःचे साल्वेज कोअर ठेवले आणि ते १९८२ पर्यंत चालले. तेव्हा कलम स्वतः वाईट नाही. प्रश्न त्याच्या वापराचा आहे, आणि येथे कायदा विमेदाराच्या बाजूने बराच भक्कम आहे.

दोन निकाल सांगतो. १८५९ च्या ब्राउन विरुद्ध रॉयल इन्शुरन्स या खटल्यात कंपनीने पैशांऐवजी घर बांधून देण्याचा पर्याय स्वीकारला. काम सुरू झाल्यावर सरकारी आयुक्तांनी इमारत धोकादायक ठरवून पाडायला लावली. आता बांधणे शक्य नाही असे कंपनी म्हणू लागली, तेव्हा न्यायालयाने सांगितले की पर्याय तुम्ही निवडला आहे. तो पाळा, नाहीतर करारभंगाची भरपाई द्या. दुसरा निकाल आपल्या मुंबईचा आहे. अहमदभॉय हबीबभॉय विरुद्ध बॉम्बे फायर अँड मरीन इन्शुरन्स कंपनी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील भारताच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायपीठाने, १९१२ मध्ये ठरवले की कंपनीने पॉलिसीच्या कलमाखाली ताबा घेतला असेल, तर नुकसान मोजायचे ते आग विझली त्या क्षणाचे नव्हे, तर कंपनीने ताबा परत दिला त्या वेळचे. ताब्याचे कलम वापरणाऱ्या प्रत्येक सर्व्हेअरने हा निकाल पाठ करावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तो मला किती उपयोगी पडला, ते एका अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी भिवंडीतील एका कापड व्यापाऱ्याच्या गोदामाला आग लागली. एका कोपऱ्यातले तागे जळले, पण बाकीच्या गाठींचे नुकसान बंबाच्या पाण्याने झाले होते. विमा कंपनीने कुलूप लावले आणि ते पंचवीस दिवस निघाले नाही. दिवस पावसाळ्याचे होते. मी गोदामात गेलो तेव्हा वरच्या गाठी हाताला कोरड्या लागत होत्या. एक गाठ सोडवली तेव्हा आतला कपडा ओलसर आणि कोमट होता, आणि घडीच्या प्रत्येक रेघेवर काळी बुरशी धरली होती. पहिल्या आठवड्यात गाठी फोडून वाळवल्या असत्या, तर तो माल निम्म्या भावाने तरी गेला असता. कंपनीचा पहिला पवित्रा असा होता की बुरशी हे आगीचे नुकसान नव्हे, विमेदाराने माल सांभाळायला हवा होता. आमचा मुद्दा एवढाच होता की किल्ली ज्याच्या हातात, सांभाळ त्याच्याकडे. व्यापाऱ्याने कुलूप लागल्याच्या तिसऱ्या दिवशी, माल ओला आहे, वाळवू द्या, असे लेखी पत्र दिले होते आणि त्याची पोच घेतली होती. त्या पोचेवर दावा उभा राहिला आणि बुरशीचे नुकसान हिशेबात धरले गेले. पत्र नसते तर काय झाले असते, ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

म्हणून मामांना माझी विनंती अशी की कंपनीला हा अधिकार कोणी दिला या वादात आता शक्ती घालवू नये. तो मामांनीच पॉलिसी घेताना दिला आहे. ‘माल तुम्ही ताब्यात घेतला, तर आता सगळा तुमचाच, मला पूर्ण रक्कम द्या’ असेही म्हणू नये, कारण त्याच कलमात माल कंपनीच्या गळ्यात टाकून मोकळे होण्याची मनाई स्पष्ट लिहिलेली असते. त्याऐवजी कंपनीला आणि सर्व्हेअरला आजच पत्र द्यावे. त्यात कुलूप कोणत्या तारखेला आणि कोणत्या कलमाखाली लावले हे विचारावे, आतल्या मालाची अवस्था आणि दररोज होणारा बिघाड लिहावा, माल वेगळा करून वाळवण्याची परवानगी ठरावीक मुदतीत मागावी, आणि ती न मिळाल्यास वाढणारे नुकसान कंपनीच्या ताब्यातील नुकसान म्हणून दाव्यात धरले जाईल असे स्पष्ट नोंदवावे. सोबत दोन्ही कुलपे दिसतील असा शटरचा फोटो तारखेसह जोडावा. पत्राची पोच घ्यावी, ईमेलही पाठवावा. कंपनी माल विकणार असेल तर लिलावाची तारीख आणि आलेली सर्व बोली लेखी मागावी, आणि मामांनी त्या दिवशी तेथे स्वतः हजर राहावे.

पॉलिसीची प्रत आणि कुलूप लावतानाचा पंचनामा आपण दाखवू शकलात, तर मामांच्या सहीमुळे यातला कोणता हक्क कमी झाला आहे का, ते मी पाहून सांगेन. पत्र मात्र त्याची वाट न पाहता आधी जाऊ द्यावे.